येणे बाकी

दर गुरुवारी अकरा ते दोन
तिळभांडेश्वर गल्लीतल्या एका वाचनालयाच्या माळ्यावर
मी मोडी वाचतो. पगार नाही, पंखा आहे.
यंदा रुमाल अकरावा:
गडाचा शिलेखाना आणि शिबंदीची हजेरी.

बंदुका तोड्याच्या एकोणसाठ, पैकी नादुरुस्त चव्वेचाळीस.
जंबुरे चार. तीन फुटके, एक "आवाज करितो".
दारू मण सव्वातीन, दमट.
सोरा नाही.
सोरा नाही, हे दर सालच्या यादीत
इतक्या वळणदार अक्षरात
की कारकुनाला त्याचं वाईट वाटत नसावं.

पुढे चेहरे.
त्या काळी माणूस नोकरीत घेताना चेहरा लिहून घेत,
पळाला तर शोधायला.
"चिंधू बिन देवजी (इथे भोक) कोळी.
रंग सावळा, बांधा सडपातळ,
डावे भुवईस व्रण, कान टोचलेले.
दरमहा रुपये अडीच, पैकी पावले सव्वा.
भाला एक दिल्हा. फाळ वजन पाऊण शेर."

पुढच्या साली चिंधू नाही.
भाला एक, येणे.
त्याच्या पुढच्या साली, भाला एक, येणे.
तेवीस सालं. तीन कारकून.
हात बदलले, शाई पातळ झाली,
एकाने समासात लिहिलं, "तगादा करावा".
कोण गेलं असेल करायला, त्या चढाने?

रोहिदास झोले आला तो पितृपक्षात.
खाली घाटावर लोक गुरुजींना
बापाचं, आजाचं, पणजाचं नाव सांगत होते.
याच्याकडे प्लास्टिकची फाइल,
फाइलीत समितीचं पत्र: जुना पुरावा सादर करावा.
बहिणीचं नर्सिंगचं अॅडमिशन अडलेलं.
पणजाच्या वर घरात कुणाला नाव येत नव्हतं.
"आजा सांगायचा, आपला एक जण गडावर होता.
भुवई फुटलेला."

मी पान उलगडलं. त्याने भुवई ओळखली.
पण समिती भुवई ओळखत नाही.
समितीला "कोळी"च्या आधी चार अक्षरं हवीत
आणि कसर लागली ती नेमकी तिथेच.
भोक एवढं, की चार अक्षरं मावतील,
किंवा तिथे कधी काहीच नसेल.

खरं सांगतो, माझ्या खणात बोरू आहे.
काजळ, बाभळीचा डिंक, सगळं जमतं मला.
मोडीचं वळण तर झोपेतही चुकत नाही.
दुपारचा दीड. खाली ग्रंथपाल डुलकी घेत होता.
बोट पानावर ठेवलं आणि खाली
ते "येणे" दिसलं. पुन्हा दिसलं. तेवीस वेळा.
एक भाला ज्यांनी सोडला नाही,
त्यांच्या वहीत मी काय घालणार?

नक्कल लिहून दिली, भोकासकट.
"कागद खाल्लेला, अक्षर लागत नाही."
वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं,
बाकी तुम्ही सरकारचा एक भाला देणं लागता.
तो हसला नाही.

पुढच्या गुरुवारी जुन्या पेपरात गुंडाळलेला फाळ
माझ्या टेबलावर.
"हाच आसंल. आई यावर नारळ फोडती.
जमा करून घ्या, सर. पावती द्या.
पावतीवर जात लिहित्यात ना?"

कोपऱ्यावरच्या किराण्यात काट्यावर ठेवला:
साडेचारशे ग्रॅम.
शेर कच्चा की पक्का, वही सांगत नाही.
पक्का धरला तर अडीचशे कमी,
म्हणजे सालाला ग्रॅमभर झीज.
कोयत्यासारखा वापरला, दगडावर घासला,
एवढं तर जाणारच.

माळ्यावर पावतीपुस्तक होतं, वर्गणीचं.
त्यात रकाने तीन: मासिक, वार्षिक, आजीव.
मी चष्मा पुसत बसलो.
तो समोर, हात मांडीवर, हजेरीला उभा राहावा तसा बसलेला.

दोनला त्याचा फोन वाजला. आईचा.
बराच वेळ नुसतं "हां, हां".
मग पेपर पुन्हा गुंडाळत म्हणाला,
"न्यावा लागंल, सर. वरईत डुकरं घुसलीत."

जिन्यात त्याच्या चपला वाजल्या.
मी पंखा बंद केला, रुमालाची गाठ मारली.

भाला एक. येणे.